आजोबा फौजेत होते पण घरात कधी बोलले नाहीत, आता त्यांच्यावर लिहायचंय. कुठून सुरू करू?

वसनाकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, मागच्या वर्षी वारले. ऐंशी वर्षांचे होते. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि घरात ठरलंय की त्या दिवशी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची, वीसेक पानांची, येणाऱ्या पाव्हण्यांना द्यायला. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण काय तर घरात मी एकटाच धड मराठी टाईप करतो.

मला पक्की माहिती आहे ती एवढीच. गाव कोरेगाव तालुक्यात. १९६३ ला भरती झाले, चीनच्या लढाईनंतर मोठी भरती चालली होती तेव्हा. ट्रेनिंग बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. १९७१ ला बांगलादेशात होते. १९८० ला हवालदार म्हणून पेन्शन घेऊन आले, मग साताऱ्यात एका बँकेत गार्ड म्हणून राहिले आणि त्यानंतर शेती. झालं. सतरा वर्षांची नोकरी माझ्याकडे पाच ओळीत संपते.

कारण माणूस बोलायचाच नाही. आम्ही पोरं मागे लागायचो, तात्या लढाईचं सांगा, तुम्ही किती मारले, तर म्हणायचे "थंडी लई होती" आणि उठून गोठ्यात जायचे. दरवेळी तेवढंच वाक्य.

घरातलं मात्र ढीगभर आठवतंय. आजीचे हात संधिवाताने वाकडे झाल्यावर गेली बारा-पंधरा वर्षं भाकऱ्या तात्याच करायचे, पलटणीच्या लंगरात शिकलेले, पातळ नाही पण फुगायची टम्म. तात्यांचा धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर असताना वारला तेव्हा त्याची तीन पोरं आमच्यातच वाढली, आणि आमच्यात चुलतं-सख्खं कोण हे मला सातवीत गेल्यावर कळलं. दर रविवारी सकाळी सगळ्या नातवंडांना ओट्यावर ओळीने बसवून पाय बघायचे. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. कुणाला कात्रा पडलेला दिसला की खोबरेल तेल लावून द्यायचे आणि शाळेचे मोजे बदल म्हणून दम द्यायचे. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचं खूळ आहे.

आता चुलते म्हणतायत की पुस्तिका "रणमर्द" वगैरे नावाने काढू, कव्हरवर तोफ, रणगाडा, मागे तिरंगा. मला ते पटत नाहीये पण माझ्याकडे दुसरं काय आहे तेही मला सांगता येत नाहीये. ट्रंकेत चार-पाच मेडलं, फाटकं डिस्चार्ज बुक, आणि पिशवीभर जुनी पत्रं आहेत. आजी आहे, कानाने कमी ऐकते पण डोकं ठणठणीत.

माझे प्रश्न: १) फौजेतली माहिती कुठून मिळेल, आणि नातवाला देतात का? २) त्यांच्या पलटणीने १९७१ ला नक्की काय केलं? ३) असलं लिहायचं कसं, कुणी केलंय का?

निवृत्त_सुभेदार

जय हिंद.

बाळा, आधी ते डिस्चार्ज बुक उघड आणि नीट वाच, फाटकं असलं तरी. तुला वाटतं पाच ओळी आहेत, त्या पुस्तकात अख्खा माणूस आहे. आर्मी नंबर, भरतीची तारीख आणि ठिकाण, उंची-छाती, ओळखीच्या खुणा, शिक्षण, कोणकोणती मेडलं, सोडताना रँक, कॅरेक्टर काय दिलं. शेवटी कुटुंबाचं पान असतं, बायकोचं नाव, पोरांची नावं, जन्मतारखा, आणि बहुतेक वेळा त्या पुढे पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि साल.

पार्ट टू ऑर्डर काय ते सांगतो कारण सिव्हिलवाल्यांना माहीत नसतं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, कोर्स केला, प्रमोशन मिळालं, सुट्टीवर गेला आला, सगळं त्या ऑर्डरमध्ये छापून रेकॉर्डला जातं. छापलं नाही तर फौजेच्या लेखी तुझं लग्नच झालेलं नाही. आमच्या वेळी पोरगं झाल्याचं पत्र यायला महिना, मग क्लार्कच्या मागे लागून ऑर्डर काढायला अजून महिना. त्यामुळे तारखा जुळवून बघ, मजा येईल.

मेडलं: फोटो काढून बघ. १९७१ ला पूर्व आघाडीवर जो होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि त्या काळात नोकरीत होता त्याला संग्राम मेडल. १९६५ चं रक्षा मेडल असेल कारण भरती १९६३ ची आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्याचं १९७२ चं एक असेल. नऊ वर्षं सेवेचं एक. गोल मेडलाच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जशी जाडी असते तिथे, नंबर-रँक-नाव कोरलेलं असतं, स्टारच्या मागच्या बाजूला. भिंग घेऊन वाच. आणि ब्रासो लावून घासू नको!! लोक चकचकीत करायला जातात आणि नाव पुसून बसतात.

रेकॉर्ड: मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. नातवाने एकट्याने पत्र लिहिलं तर फारसं हलत नाही, पेन्शन आता आजीच्या नावावर असणार, तर अर्ज आजीच्या सहीने किंवा अंगठ्याने कर, सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या ऑर्डरची) झेरॉक्स, डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलास तर बरं, ते लोक फॉरमॅट सांगतात. वर्षश्राद्धाच्या आत उत्तर येईल या भरवशावर मात्र बसू नको.

आणि विषय निघालाच आहे तर, आजीची फॅमिली पेन्शन स्पर्शवर (फौजेच्या ऑनलाइन पेन्शन सिस्टीमवर) नीट चालू झालीये का ते बघ. नावात एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी अडकते.

एक राहिलं. त्यांचा आर्मी नंबर, पीपीओ नंबर वगैरे इथे टाकू नको. फ्रॉडवाले टपून बसलेले आहेत.

स्पष्टवक्ता_७७

कडू बोलतो म्हणून राग मानू नका. पुस्तिका कोण वाचतं हो? आमच्याकडे तीन वाटलेल्या आल्यात, एक पोळ्यांच्या डब्याखाली आहे. दहा चांगले फोटो स्कॅन करा, व्हॉट्सअॅपवर टाका, खर्च वाचेल.

आणि दुसरं, प्रत्येक आजोबा गेल्यावर देवमाणूस होतो. रागीट होते का, पोरांना मारायचे का, शेताच्या वाटणीत काय केलं, हे कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिणार असाल तर मी वाचेन.

पलटण_अभ्यासक

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे आवरतं घेणं कठीण जाईल.

पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, १७६८ ची, रेजिमेंटमधली सगळ्यात जुनी. १९७१ ला कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार, हेच पुढे १९८४ च्या अमृतसरच्या कारवाईमुळे लोकांना माहीत झाले. पलटण ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि ही ब्रिगेड उत्तरेकडून, मेघालयाच्या बाजूने खाली उतरली. आपल्याकडे १९७१ म्हटलं की लोंगेवाला नाहीतर कराची, पण ढाक्याला उत्तरेकडून जो रस्ता जातो त्यावर मराठे होते हे साताऱ्या-सांगलीतल्या लोकांनाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाटेत सीमेवर कमालपूरचं ठाणं होतं, ते बरेच दिवस वेढलेलं होतं आणि ४ डिसेंबरला शरण आलं. तिथून बक्षीगंज आणि मग जमालपूर. जमालपूर ब्रह्मपुत्रेच्या काठावर, पलीकडे ३१ बलुच पलटण पक्की खंदकात बसलेली, समोरून नदी ओलांडून भिडणं म्हणजे आत्महत्या. म्हणून आपल्या लोकांनी बाजूने नदी ओलांडली, गावाला वळसा घातला आणि दक्षिणेला टांगाईल-ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन आडवे बसले. म्हणजे शत्रूचा परतीचा रस्ताच बंद. ९ डिसेंबरला क्लेर यांनी पलीकडच्या कर्नल सुलतान अहमद यांना चिठ्ठी पाठवली की वेढले गेला आहात, शरण या. ती चिठ्ठी मुक्तिवाहिनीच्या (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या) एका माणसाने पोचवली, आणि उत्तराच्या कागदात गुंडाळून आली बंदुकीची एक गोळी.

१० च्या रात्री बलुच पलटण रस्ता फोडून बाहेर पडायला निघाली आणि त्या रस्त्यावर होती तुमच्या आजोबांची पलटण. रात्रभर हातघाईच्या अंतरावर चाललं ते, एकामागून एक हल्ले, आणि ११ ला सकाळी उजाडलं तेव्हा जमालपूर पडलेलं होतं. शत्रूची माणसं फार मोठ्या संख्येने गेली त्या एका रात्रीत. आजोबा "थंडी लई होती" एवढंच म्हणायचे ना, डिसेंबरातली रात्र, नदीकाठ, उघड्यावर खंदक. मला तरी ते वाक्य पुरेसं वाटतं.

पुढचा भाग तर अजून छान आहे. ११ ला दुपारी टांगाईलजवळ आपले पॅराट्रूपर उतरले, २ पॅरा, कर्नल पन्नू यांची पलटण, पुंगली पूल ताब्यात घ्यायला. आता ही २ पॅरा म्हणजे मुळात कोण, तर मराठ्यांची जुनी तिसरी पलटण! आणि १२ तारखेला त्यांना जाऊन मिळाली कोण, तर पहिली मराठा. परक्या देशात, पुलाजवळ, एकाच रेजिमेंटचे दोन भाऊ भेटले. एकमेकांच्या तालुक्याची माणसं भेटली असतील तिथे. तिथून ढाका, आणि १६ ला शरणागती.

फक्त एक सावधगिरी. पलटण तिथे होती म्हणजे आजोबा त्या रात्री त्याच खंदकात होते असं आपोआप होत नाही. कुणी कोर्सला असतं, कुणी हॉस्पिटलात, कुणी मागे एमटीमध्ये गाड्यांवर. पूर्वी स्टार आहे का ते बघा, कंपनी (पलटणीतली तुकडी) कुठली ते शोधा, आणि खात्री होईपर्यंत "त्यांच्या पलटणीने" असं लिहा.

माहेर_अपशिंगे

दादा, मी इथे सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझं माहेर अपशिंगे मिलिटरी, साताऱ्याजवळचं, नावच तसं पडलंय गावाचं. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे सेहेचाळीस जण गेले, त्याचा स्तंभ गावात आहे. तेव्हापासून घरटी फौजी. आमचे वडील, दोन काका, आजोबा, सगळे. त्यामुळे फौजी माणसावर लिहिलेलं मी खूप वाचलंय, बरंचसं दगडावर कोरलेलं.

माझं म्हणणं एवढंच की आजीला विचारा. लढाईचं विचारू नका, रोजचं विचारा.

मनीऑर्डर महिन्याच्या कितव्या तारखेला यायची? किती रुपयांची? अंगठा कोण उठवायचं, आजी का सासू? (आमच्यात सासूच घ्यायची आणि आईला बांगड्या भरायलासुद्धा मागायला लागायचं, फौजीच्या बायकोचं हे दुखणं कुणी लिहीत नाही.) पत्र कोण वाचून दाखवायचं? पोस्टमन मोठ्याने वाचणार आणि दारात सासू-सासरे-दीर उभे, म्हणजे नवऱ्याने बायकोला काय लिहायचं? आमच्या वडिलांनी आईसाठी खूण ठरवली होती, "सर्वांना यथायोग्य" नंतर दोन टिंबं दिली की ती तिच्यासाठी. आईने हे आम्हाला सांगितलं ते वडील गेल्यावर.

सुट्टीला आले की पहिल्या दिवशी काय करायचे? परत जाताना स्टेशनवर कोण सोडायला जायचं? पोरांनी ओळखलं का? मी तीन वर्षांची असताना वडिलांना "हा माणूस कधी जाणार" म्हणून विचारलेलं, अजून घरात चिडवतात.

पत्रांबद्दल: पाकिटावर ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आहे का ९९ एपीओ ते बघा. ९९ म्हणजे पूर्वेकडचं. शिक्क्यावर एफपीओचा (फील्ड पोस्ट ऑफिसचा) नंबर आणि तारीख असते. तारखेप्रमाणे लावा आधी, वाचायची घाई करू नका, कागद घडीवर फाटतो.

आणि स्पष्टवक्ता, तुमचं पटतं मला अर्धं. पण डब्याखाली ठेवलेली पुस्तिका वीस वर्षांनी कुणीतरी उचलतं. व्हॉट्सअॅपचा फोटो फोन बदलला की गेला.

बेळगावी_कुंदा

मराठा सेंटर बेळगावात आहे त्यामुळे ट्रेनिंगचे दिवस लिहायचे असतील तर एकदा इकडे येऊन जा. ४ फेब्रुवारीला रेजिमेंटचा दिवस असतो, तानाजींनी सिंहगड घेतला त्याची आठवण म्हणून. जुने माजी सैनिक पण येतात, तुमच्या आजोबांच्या बॅचचा कोणी भेटला तर त्याच्याकडून अर्ध्या तासात जेवढं कळेल तेवढं कागदावरून नाही कळणार. आत जायला परवानगी लागते, तेव्हा आधी चौकशी करून या.

वसनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार-पाच दिवस गायब होतो कारण गावी होतो. जे सापडलं ते टाकतोय, लांब आहे.

सुभेदारसाहेब, भिंग घेऊन बसलो. पूर्वी स्टार आहे, मागे नाव-नंबर आहे. डिस्चार्ज बुकाचं कुटुंबाचं पान अर्धं उंदराने खाल्लंय पण माझ्या वडिलांची ओळ शाबूत आहे. आता ऐका. वडिलांचा जन्म नोव्हेंबर १९७१ चा, आजीला पक्कं आठवतंय, दिवाळी होऊन गेली होती आणि जोंधळा पोटऱ्यात होता. पार्ट टू ऑर्डर आहे १९७२ ची! म्हणजे पोरगा झाल्याचं फौजेला कळलं तेव्हा लढाई संपलेली. (शाळेत वडिलांची तारीख १ जून आहे ते वेगळंच, गुरुजींनी सगळ्या वर्गाला १ जून ठोकलेली, त्यावरून पुढे किती कागद अडले ते विचारू नका.)

मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे आजीकडे बसलो. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, शेजारच्यांनाही सगळी मुलाखत ऐकू गेली. मनीऑर्डर साठ रुपयांची, अंगठा सासूचाच. पत्र वाचायला शाळेतले मास्तर. लढाई सुरू झाल्याचं चावडीवरच्या रेडिओवर कळलं आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने एक अक्षर नाही. आजी बाळंतीण, मांडीवर पंधरवड्याचं पोर, आणि सासू रोज विचारायची पोस्टमन आला का, जसं काही आजीनेच अडवून धरलाय. गावातल्या दुसऱ्या एका घरी तार आली होती. त्या दिवशी तारवाला आमच्या गल्लीतून पुढे गेला, हे सांगताना आजी अजूनही हाताने दाखवते, असा आला, असा वळला, आणि पुढे गेला.

पिशवीत ते पत्र सापडलं. ९९ एपीओ. पेन्सिलने लिहिलेलं, सात-आठ ओळी. मी खुशाल आहे, काळजी नसावी, बैल विकू नये, बाळाचे नाव माझी वाट न बघता ठेवावे, पायास जरा त्रास आहे पण बरे होईल. बाळाचं कळलं होतं म्हणजे त्यांना, कुठलं तरी पत्र पोचलं होतं.

पायाचं आजीला विचारलं. तर म्हणते, नदी ओलांडून गेले ते ओल्या बुटांनी, मग कित्येक दिवस बूट काढायलाच मिळाले नाहीत, काढले तेव्हा मोज्याबरोबर कातडं आलं. तिने पुढे सुट्टीत रोज रात्री खोबरेल चोळलंय त्या पायांना. आणि आम्ही रविवारच्या त्या पाय बघण्याला खूळ म्हणत होतो. म्हणजे पलटण_अभ्यासक, निदान नदी तरी त्यांनी ओलांडली होती.

पण आजीने जे खरं रंगवून सांगितलं ते लढाईचं नव्हतंच. तात्या घरी आले ते १९७२ मध्ये, दुष्काळात. आमचा भाग तसाही पाण्याला कमी, त्या वर्षी विहिरीच्या तळाला माती दिसत होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोराला बाभळीला झोळी बांधून. कामावर सुकडी मिळायची, घरी रेशनचा तो लाल मिलो, ज्वारीसारखा. तात्या स्टेशनवरून ट्रंक खांद्यावर घेऊन घरी आले तर घरात फक्त म्हातारी. बायको कुठंय? रस्त्याच्या कामावर. ट्रंक ठेवली आणि तसेच निघाले, फौजी कपड्यांवर. आजी सांगते, दीडशे-दोनशे माणूस काम करतंय, सगळ्यांचे हात थांबले, कोण साहेब आला चेकिंगला म्हणून मुकादम पळत पुढे आला. हे सरळ आजीच्या समोर जाऊन खाली बसले. पोरगा झोळीत झोपला होता, त्याच्याकडे एकदा बघितलं, पहिल्यांदा. मग आजीच्या हातातली हातोडी घेतली.

सुट्टीतले सगळे दिवस ते तिथे जात होते. सरकारी नोकर म्हणून मस्टरवर नाव लागणार नाही, मुकादमाने सांगितलं, तर म्हणाले नको लावू. ते फोडायचे आणि ढीग आजीच्या नावावर मोजला जायचा. लोक हसायचे, पाकिस्तान जिंकून आलाय आणि बायकोची खडी फोडतोय. सासूला तर भयंकर लागलं ते, चार लोकांत पोराची अब्रू गेली म्हणून दोन दिवस जेवली नाही. आजी म्हणते मीच म्हटलं नका येऊ, तर ते म्हणाले "तुझे हात बघ आधी".

तो रस्ता अजून आहे. वरून डांबर पडलंय, आमच्या गावाहून फाट्याला जातो तोच.

स्पष्टवक्ता, तुमच्यासाठी पण आहे. रागीट होते. वडिलांना एकदा पट्ट्याने मारलंय, विड्या ओढताना सापडले म्हणून, आणि नंतर स्वतः दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आत्याला सातवीनंतर पुढे शिकू दिलं नाही, आणि हे आत्याने स्वतः मला सांगितलं, पुस्तिकेत घाल म्हणाली. घालणार आहे. तिच्या मुलींच्या फिया मात्र पुढे तात्यांनीच भरल्या, तेही तिनेच सांगितलं.

स्पष्टवक्ता_७७

घ्या, मी आता गप्प. खडीचं सगळ्यात पुढे घ्या. मला एक प्रत पाठवा, डब्याखाली ठेवणार नाही.

निवृत्त_सुभेदार

बाळा, ओल्या बुटांचं वाचून पाय दुखले माझे. आम्हाला पण रोज संध्याकाळी पाय तपासणी असायची, कमांडर बॅटरी घेऊन बोटं बघायचा. पायदळाचा जवान पायावर जगतो.

कंपनी शोधायची असेल तर पत्रावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बघ, नाव-नंबरनंतर 'ए कॉय', 'बी कॉय' असं काही लिहिलेलं असेल. एका पत्रात नसेल तर दुसऱ्यात असेल.

चुलत्यांना दुखवू नको. रणगाडा नको म्हण, पण मेडलांचा फोटो आतल्या पानावर मोठा घे, त्यांचंही समाधान होईल. पहिल्या पानावर फक्त 'कै. हवालदार', नाव, पलटण आणि साल. बाकी विशेषणं लावू नको, आम्हा लोकांना ती अवघडल्यासारखी वाटतात.

पलटण_अभ्यासक

बैल विकू नये!! जमालपूरनंतरच्या पत्रात! हे पत्र जसंच्या तसं छापा, शुद्धलेखन दुरुस्त करू नका, शेजारी मूळ कागदाचा स्कॅन. पेन्सिलचं अक्षर पुसट असतं, साध्या झेरॉक्सवर येणार नाही, रंगीत स्कॅन सहाशे डीपीआयला करून मग काँट्रास्ट वाढवा. लॅमिनेशन अजिबात नको, कागद कायमचा जातो. जमालपूरवर दोन परिच्छेद आणि एक साधा नकाशा मी करून देतो, पैसे नकोत.

माहेर_अपशिंगे

दादा, आजीचा फोटो आहे ना पुस्तिकेत? आणि नाव? बऱ्याच ठिकाणी "पत्नी" एवढंच लिहितात. आणि आजीला छापायच्या आधी एकदा सगळं वाचून दाखवा, सासूचं ते जेवली नाही वगैरे तिला नको असेल कदाचित, ती सांगते ते घरात सांगते.

वसनाकाठ

वाचून दाखवलं कालच. सासूचं ठेव म्हणाली, "खरं हाय ते". आत्याचं पण ठेव. काढायला लावलं ते एकच, साठ रुपयांचा आकडा, लोक म्हणतील एवढेच पाठवायचा का. मी म्हटलं आजी तेव्हा साठ खूप होते, तर म्हणे आताच्या पोरांना काय कळतंय.

पलटण_अभ्यासक, नकाशा चालेल काय, धावेल. मेल करतो. चुलते रणगाड्यावर अजून अडून आहेत, रविवारी बैठक आहे.